नेम धरणं आणि नेम पाळणं

मराठीत ‘नेम’ या शब्दाला तीन कामं आहेत. कैरी पाडायला दगड उचलला की आपण नेम धरतो. आजी चातुर्मासात वांगं खात नाही, तो तिचा नेम. आणि फाट्यावर एसटीची चौकशी केली की टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणतो, ‘तिचा काही नेम नाही.’ पहिला नेम म्हणजे निशाणा, दुसरा म्हणजे रोज पाळायची गोष्ट, तिसरा म्हणजे भरवसा, आणि तो बहुधा नसतोच.

माणसं स्वतःशी काहीबाही ठरवतात. त्यातलं काय तडीस जातं आणि काय बारगळतं, यावर मानसशास्त्रात गेली साठएक वर्षं पद्धतशीर प्रयोग होत आले आहेत. ते वाचताना हा सगळा विषय या तीन नेमांत मावतो असं मला वाटू लागलं. आपण सगळा जोर पहिल्यावर लावतो, दुसरा विसरतो आणि तिसऱ्याची तर तयारीच ठेवत नाही.

माझंच सांगतो. घरातल्या ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे मोडी लिपीतले कागद आहेत. ते आपले आपल्याला वाचता यावेत म्हणून ओळीने तीन पाडव्यांना मी ‘यंदा मोडी शिकायची’ असं ठरवलं. पुस्तक आणलं, कट निबचं पेन आणलं, जाड कागदाची वही आणली. पहिल्या वर्षी स्वर झाले. दुसऱ्या वर्षी बाराखडी ‘ग’पर्यंत गेली. तिसऱ्या वर्षी वहीच सापडेना. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे सहाव्या दिवशीच आटोपत. इच्छा खोटी नव्हती. आळशीपणावर ढकलावं, तर ऑफिसची कामं वेळच्या वेळी होत होती. मग अडत होतं कुठे?

आधी निशाण्याचं बघू. गणपतीच्या आधी मंडळाची पोरं वर्गणी मागायला येतात. ‘काका, यथाशक्ती द्या’ म्हणाली, तर हात पाकिटातली सगळ्यात मळकी नोट शोधतो. पावतीवर आधीच ५०१ लिहून आणलं असेल, तर कुरकुरत का होईना, ५०१ निघतात. एडविन लॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये जे मांडलं ते बरंचसं हेच आहे. ‘जमेल तितकं कर’ असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड असं काही पुढे ठेवलेला माणूस जास्त काम करतो. पुढे गॅरी लॅथम त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी या एका विधानावर अख्खी कारकीर्द उभी केली.

लॅथम यांचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो, कारण तो प्रयोगशाळेत न होता ट्रकवर झाला. अमेरिकेत जंगलातून ओंडके वाहून नेणारे ट्रक कायद्याने मान्य असलेल्या वजनाच्या सरासरी ६० टक्केच माल भरून निघत. ओंडके लहानमोठे, वजनाचा अंदाज येत नाही आणि जास्त भरलं तर दंड. ‘होईल तेवढं भरा’ हे सांगून झालेलं होतं. मग ड्रायव्हरांना एक आकडा दिला गेला, ९४ टक्के. गाठलात तर पैसे नाहीत आणि हुकलात तर शिक्षा नाही, असंही सांगितलं गेलं. पहिल्या महिन्यात भार ८० टक्क्यांवर गेला आणि दुसऱ्या महिन्यात एकदम ७० वर आला. साहेब खरंच काही बोलत नाहीत ना, हे ड्रायव्हर तपासून पाहत होते. कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात भार ९० च्या पुढे गेला. मधल्या काळात वजनाचा अंदाज नीट यावा म्हणून ट्रकमध्ये काय फेरफार करता येतील, हे ड्रायव्हरच सुचवू लागले होते. आकड्यामुळे कोणाच्या दंडात बळ आलं नाही. डोकं त्या दिशेने चालू लागलं, एवढंच झालं.

‘मोडी शिकायची’ हा माझा संकल्प यथाशक्तीच्या जातीचा होता. कधी झाली म्हणायची, किती आली म्हणजे आली, काहीच ठरलेलं नव्हतं.

इथे एक खोच आहे आणि ती बहुतेक प्रेरणादायी भाषणांत गाळली जाते. ओंडके भरणं हे ड्रायव्हरांना आधीपासून येत होतं. काम अगदीच नवं असेल तर आकडा उलट पाय ओढतो. १९८९ मध्ये रूथ कॅन्फर आणि फिलिप अॅकरमन यांनी अमेरिकन हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना विमानं उतरवण्याच्या नियंत्रणाचा एक सरावखेळ दिला. शिकण्याच्या अगदी सुरुवातीलाच ज्यांना गुणांचं लक्ष्य दिलं, त्यांची कामगिरी घसरली. डोकं नियम समजून घेण्यात गुंतलेलं असताना गुणही मोजायचे, म्हणजे स्वयंपाक शिकताना एका हाताने पाहुण्यांना वाढण्यासारखं. अशा वेळी लक्ष्य ठेवायचं ते शिकण्याचं. ‘महिन्याला दहा कागद वाचणार’ असं मी म्हटलं असतं तर फसलोच असतो. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करत नाहीत. नवशिक्याला शब्द कुठे संपला हेच कळत नाही. त्याने ‘या आठवड्यात शब्द तोडायच्या दोन युक्त्या शोधायच्या’ एवढंच म्हणावं.

दुसरी गंमत मनातल्या मांड्यांची. ध्येय डोळ्यांसमोर आणा, यश मिळाल्याचं चित्र रोज रंगवा, असा सल्ला सर्रास मिळतो. गॅब्रिएल ओटिंगन यांनी १९९१ मध्ये वजन उतरवण्याच्या कार्यक्रमात आलेल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन उतरेल असा विश्वास असणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं, यात नवल नाही. पण सडपातळ झालेल्या स्वतःची गुलाबी चित्रं रंगवणाऱ्यांचं वर्षाअखेर इतरांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी उतरलं. विश्वास आणि स्वप्नरंजन या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. मांडे मनातच इतके चविष्ट लागतात की चुलीपाशी जायचं कारण उरत नाही. ओटिंगन यांचा उपाय साधा आहे: चित्र रंगवा, पण लगेच त्याच्या शेजारी अडचण मांडा, तीही स्वतःच्या आतली. मी हे केलं तेव्हा माझी अडचण ‘वेळ नाही’ ही नव्हती. रात्री जेवण झालं की मी मोबाइल घेऊन आडवा होत होतो, ही होती.

आता दुसरा नेम, रोज पाळायचा. माझ्या मते सगळा खेळ इथे आहे.

ब्रिटनमध्ये सारा मिल्न आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला व्यायामाविषयी काहीच पटवून दिलं नाही. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे आणि हृदयविकाराचा धोका समजावणारं साहित्य वाचायला दिलं. तिसऱ्याला तेच साहित्य दिलं आणि शिवाय एक वाक्य पुरं करायला सांगितलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करेन. आठवड्यानंतर विचारलं की किमान एकदा तरी दमदार व्यायाम कोणी केला. पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के, तिसऱ्यात ९१ टक्के. दुसऱ्या गटाकडे पुन्हा बघा. माहिती वाचून त्यांची इच्छा खरोखर वाढली होती. व्यायाम मात्र वाढला नाही. आपण व्हिडिओ बघून, भाषणं ऐकून अंगावर काटा आणतो आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता कूस बदलतो, त्याचं हे मोजमाप समजा.

ही कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची. ‘मी हे करेन’ याच्या जागी ‘असं झालं की मी हे करेन’ असं वाक्य बांधायचं. वेळ, जागा किंवा आधीचं एखादं काम ही खूण होते आणि ती खूण समोर आली की वेगळं ठरवावं लागत नाही. दर वेळी ठरवावं लागणं हीच तर गळतीची जागा असते. ९४ अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही युक्तीचा परिणाम चांगलाच दिसला. पण ९१ च्या आकड्याने हुरळून जाऊ नका. एका अमेरिकन कंपनीने कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीची पत्रं पाठवली आणि त्यातल्या काही पत्रांत तारीख-वेळ लिहायला रिकामी जागा ठेवली, तेव्हा लस घेणारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले, तेवढेच. फुकटच्या युक्तीला चार टक्के वाईट नाहीत, पण जादूही नाही.

आता आजीच्या चातुर्मासाकडे वळू. आषाढी एकादशीला ती नेम धरते. ‘यंदा जास्त भक्ती करणार’ असं ती कधीच म्हणत नाही. ती म्हणते, ‘कांदा-लसूण, वांगं बंद’, किंवा ‘अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालून मगच चहा’. काय करायचं ते ठरलेलं, कशानंतर करायचं ते ठरलेलं, कधी संपणार ते ठरलेलं, आणि संपल्यावर उद्यापन. घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, म्हणून भाजी आणणाराही वांगी उचलत नाही. गोल्विट्झरांचं वाक्य यात जसंच्या तसं आहे. पूर्वजांना सगळं शास्त्र आधीच ठाऊक होतं असं म्हणायचा मोह मी टाळतो. आजीचा नेम पुण्यासाठी होता, सवय लावण्यासाठी नव्हे, आणि चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याबरोबर वांगं पुन्हा ताटात येतंच. पण बांधणी पक्की आहे. एरवी शुक्रवारी हात न आवरणारा आमचा एक मित्र श्रावणभर थेंबाला शिवत नाही, तो काही त्या महिन्यात त्याची इच्छाशक्ती फुगते म्हणून नव्हे. ‘कमी घेईन’ यात रोज वाटाघाट असते, ‘श्रावण आहे’ यात नसते.

चौथ्या वर्षी मी पाडवा सोडला आणि आषाढी धरली. वाक्य असं बांधलं: रात्री जेवणाची ताटं उचलली की त्याच टेबलावर वही उघडायची आणि पाच ओळी लिहायच्या, कार्तिकीपर्यंत. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे तुम्ही ऐकलं असेल. त्याचा उगम बहुधा १९६० मधल्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे: रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसएक दिवस लागतात. ‘किमान’ वाटेत कुठेतरी गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी पहाटेचं धावणं आलं. प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केली. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक गोष्ट निवडून ती १२ आठवडे रोज ठरावीक खुणेला केली. ती विनासायास होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला आणि अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपलीकडचे दिवस आलेखावरून काढलेला अंदाज). पेलाभर पाणी पिण्यासारखी सवय लवकर जडली, व्यायामाला साधारण दीडपट वेळ लागला. चातुर्मास १२० दिवसांच्या आसपास असतो, म्हणजे ६६ च्या बराच पुढे. एकविसाव्या दिवशी अजून जडच जात असेल, तर तुमच्यात काही खोट नाही.

अर्थात रोजचं काम निव्वळ काढा असेल तर कितीही घट्ट बांधा, सुटतं. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांनी नव्या वर्षाचे संकल्प करणाऱ्यांना विचारून पाहिलं. संकल्प महत्त्वाचे असल्याचं बहुतेक सांगतात, पण कोण टिकतं ते त्या महत्त्वावरून कळत नाही, काम करताना मजा येते की नाही यावरून कळतं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं गुंफत जातात. ते वळण हाताला लागलं की एक झिंग येते. आधीची तीन वर्षं मी त्या झिंगेपर्यंत पोचलोच नव्हतो, सुटी अक्षरंच गिरवत बसलो होतो. या वेळी दुसऱ्याच आठवड्यात मी बाराखडी अर्धी सोडून नावं लिहायला घेतली. शिस्तीच्या दृष्टीने चूक असेल, पण त्याने मला टेबलावर बसवलं.

उत्साह सगळ्यात कमी कधी असतो? मध्यावर. सोसायटीच्या गणपतीची आरती आठवा. पहिल्या दिवशी उभं राहायला जागा नसते, शेवटच्या दिवशी ढोल असतात, आणि सहाव्या संध्याकाळी झांजा वाजवायला दोन पोरं आणि सेक्रेटरी. फिशबाख आणि मफेरिमा टूरे-टिलेरी यांनी २०१२ मध्ये हेच ज्यूंच्या हनुक्का सणात दाखवलं. आठ रात्री मेणबत्त्या लावायच्या असतात, लोक पहिल्या आणि शेवटच्या रात्री जास्त नेमाने लावतात. सुरुवात आणि शेवट डोळ्यांत भरतात, मधलं कोण बघतंय!

मग मधला भाग लहान करायचा. अल्बर्ट बंडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये गणितात कच्च्या मुलांना ४२ पानांचा संच दिला. काहींना ‘सात तासिकांत ४२ पानं’ म्हटलं, काहींना ‘दर तासिकेला ६ पानं’. हिशेब तोच. पण सहा-सहा पानांची मुलं गणितात खूप पुढे गेली, आणि त्यांना गणित आवडूही लागलं. आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे २५० किलोमीटर चालायचे आहेत असं सकाळी घोकत नाही. आज सासवड, मग जेजुरी, मग वाल्हे. पंढरपूर मनात असतंच, पायांना मात्र संध्याकाळचा मुक्काम ठाऊक असतो.

जाहीर करावं की नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. गोल्विट्झर यांच्याच २००९ मधल्या प्रयोगांत ज्यांचा संकल्प दुसऱ्या कोणी ऐकून घेतला, त्यांनी नंतर कामाला कमी वेळ दिला. ‘मी आता मोडी शिकणारा माणूस आहे’ ही ओळख ऐकणाऱ्यानेच देऊन टाकली, मग शिकायची घाई कसली? उलट १३८ अभ्यासांच्या २०१६ मधल्या एका आढाव्यात झालेली प्रगती टिपून ठेवण्याचा फायदा दिसला, आणि ती इतरांना कळवली तर आणखी. म्हणून मी चहा पिताना संकल्प सांगत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करतो, त्या येणारा-जाणारा बघतो.

आणि तिसरा नेम, म्हणजे ज्याचा नेम नाही ते. पाहुणे येतात, ताप येतो, वीज जाते, मार्चअखेर येतो.

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी डाएट पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या स्त्रियांना चव चाखण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम दिलं, काहींना त्याआधी मिल्कशेक पाजला. न पाळणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पाळणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. मोडलाच आहे नियम, तर मग आजचा दिवस गेलाच! आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात, त्याची ही चुलत बहीण. खरं नुकसान मिल्कशेकने होत नाही, त्यानंतरच्या वाडग्याने होतं. लॅली यांच्या अभ्यासातलं एक निरीक्षण म्हणूनच भिंतीवर लावण्यासारखं आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या वाटचालीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

घरकामाच्या मावशींचा किंवा दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या घरांत यासाठी नेमका शब्द आहे, खाडा. मावशींनी महिन्यात दोन खाडे केले तर त्या कामच सोडून गेल्या असं कोणी म्हणत नाही. कॅलेंडरवर फुली पडते आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासली जातात. मारिसा शरीफ आणि सुझन शू यांनी २०१७ मध्ये या खाड्याचीच परीक्षा घेतली. एक कंटाळवाणं ऑनलाइन काम आठवडाभर करायचं होतं. एका गटाचं लक्ष्य सातही दिवस, दुसऱ्याचं पाच दिवस, तिसऱ्याचं सात दिवस, पण अगदीच अडलं तर दोन दिवस माफ. व्यवहारात दुसरं आणि तिसरं लक्ष्य एकच आहे. तरी पूर्ण करणारे निघाले अनुक्रमे २१, २६ आणि ५३ टक्के. माफीचे दिवस हाताशी आहेत म्हटल्यावर माणसं ते जपून वापरतात, अडीअडचणीला ठेवलेल्या पैशांसारखे.

मोठी सुट्टी मात्र घातक. कॅथरीन मिल्कमन यांनी रंजक ऑडिओ कादंबऱ्या फक्त जिममध्येच ऐकता येतील अशी सोय करून पाहिली. सुरुवातीला त्या गटाचं जिमला जाणं इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होतं. पुढे तो फरक ओसरत गेला आणि थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या सुट्टीनंतर तर फारच. आपल्याकडे ती जागा दिवाळीची, किंवा गावाकडच्या लग्नाची. सुट्टीनंतर कुठल्या तारखेला, कुठल्या खुणेला परत बसायचं हे जाण्याआधीच लिहून ठेवलं तर निदान वही सापडते.

मी चातुर्मासाला दहा खाडे मंजूर केले होते. बारा झाले, त्यातले चार दिवाळीत. कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी ट्रंकेतला पहिला कागद काढला. ते जमिनीचं खरेदीखत असावं अशी घरात दोन पिढ्यांची समजूत होती आणि त्यावरून चुलत्यांशी थोडी कुरबुरही झालेली. तीन रात्री लागल्या. निघाली ती उधारीची यादी: जोंधळे, गूळ, मीठ, आणि कोणाला किती दिलं त्यांची नावं. शेवटच्या ओळीतलं नाव अजून लागत नाही. ‘स’ आहे की ‘म’, यावर घरात दोन पक्ष पडले आहेत.